शब्द आधी, अर्ज नंतर

'मला माझ्या मसाल्याच्या नावाचं पेटंट काढायचंय.' महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत किंवा बचत गटांच्या मेळाव्यात हे वाक्य हमखास कानावर पडते. बोलणाऱ्याची गरज खरी असते आणि त्यामागचे कष्टही खरे असतात. पण नावाचे पेटंट निघत नाही, नावाचा ट्रेडमार्क नोंदवला जातो. मसाला दळण्याच्या नव्या यंत्राचे पेटंट मिळू शकते. बरणीच्या आगळ्या आकाराची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकते. बरणीसोबतच्या पाककृतींच्या पुस्तिकेला कॉपीराइट असतो आणि तो नोंदणीशिवायही असतो. एकाच मालाभोवती हे चार वेगळे हक्क उभे राहतात. प्रत्येकाचा कायदा वेगळा, कार्यालयातली खिडकी वेगळी आणि मुदतही वेगळी.

शब्द चुकला की माणूस चुकीच्या खिडकीपाशी जातो, एवढेच झाले असते तर फारसे बिघडले नसते. तिथून परत फिरून योग्य खिडकी गाठता आली असती. या कायद्यात मात्र मधल्या काळात हक्कच हातचा जाऊ शकतो. पेटंटचा अर्ज करण्याआधी यंत्र सर्वांसमोर मांडले की त्याचे नवेपण संपते. वेष्टने छापून झाल्यावर नावाची चौकशी केली आणि तेच नाव आधीच कोणाच्या मालकीचे निघाले, तर छापलेला सगळा माल गोदामात पडून राहतो. लहान उद्योजकाचे नुकसान बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे होते आणि क्रम चुकतो तो शब्दांचा अर्थ ठाऊक नसल्यामुळे. हे अर्थ समजावून देणे, हेच या परिभाषा-पुस्तिकेचे प्रयोजन आहे. ती वाचून कोणी वकील होणार नाही. पण वकिलासमोर किंवा पेटंट एजंटासमोर बसल्यावर काय विचारायचे, कशावर सही करायची आणि कशावर करायची नाही, हे समजावे, अशी अपेक्षा आहे.

आधी पेटंट. पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला सौदा आहे. संशोधकाने आपले तंत्र पूर्णपणे उघड करायचे, त्या क्षेत्रातला जाणकार ते वाचून स्वतः करू शकेल इतक्या स्पष्टपणे. त्याच्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना ते तंत्र वापरण्यापासून रोखण्याचा हक्क त्याला मिळतो. वीस वर्षे संपली की ते ज्ञान सर्वांचे होते. 'रोखण्याचा हक्क' हे शब्द मुद्दाम लक्षात ठेवावेत. पेटंट मिळाले म्हणून वस्तू विकायची परवानगी मिळाली असे होत नाही. औषधाचे पेटंट मिळाले तरी औषध प्रशासनाचा परवाना लागतोच. आणि आपल्या यंत्रात दुसऱ्याच्या चालू पेटंटमधला भाग असेल, तर आपले पेटंट हातात असूनही त्याची संमती घ्यावी लागते.

भारतात हा सौदा १८५६ साली कायद्यात आला. त्या वर्षी कलकत्त्यात जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी पहिला अर्ज केला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ साली आपला अहवाल दिला. देशातली ऐंशी ते नव्वद टक्के पेटंटे परदेशी लोकांच्या हाती होती आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेटंटांवर भारतात उत्पादनच होत नव्हते, असे त्या अहवालातून पुढे आले. म्हणजे सौद्याची एकच बाजू पाळली जात होती. १९७०चा पेटंट कायदा त्या अहवालाच्या पायावर उभा राहिला आणि २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्याने औषधे आणि खाद्यपदार्थ यांच्यासाठी उत्पादनाचे पेटंट बंद केले, फक्त प्रक्रियेचे ठेवले. 'उत्पादन' आणि 'प्रक्रिया' या दोन शब्दांतल्या फरकावर भारतातला औषध उद्योग वाढला. एखादे औषध वेगळ्या पद्धतीने बनवता येत असेल तर ते बनवायला कायद्याची आडकाठी राहिली नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली औषधांना पुन्हा उत्पादनाचे पेटंट मिळू लागले.

पेटंट मिळण्यासाठी तीन कसोट्या आहेत: नावीन्य, कल्पकतेची पायरी आणि औद्योगिक उपयोग. तिसरीवर फार थांबायला नको. वस्तू कारखान्यात बनवता आली पाहिजे किंवा उद्योगात वापरता आली पाहिजे, इतकाच तिचा अर्थ. पहिल्या दोन मात्र नीट समजून घ्यायला हव्यात.

नावीन्य मोजले जाते ते पूर्वज्ञानाशी ताडून. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही छापले गेलेले किंवा सर्वांना ठाऊक झालेले जे जे काही, ते पूर्वज्ञान. हळदीची हकिकत या शब्दाचा अर्थ जितका स्पष्ट करते तितका दुसरे क्वचितच काही करत असेल. मार्च १९९५मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीची पूड जखम भरून आणण्यासाठी वापरण्याचे पेटंट दिले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुढे या पेटंटला आव्हान दिले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. आपल्याकडे घरोघरी जखमेवर हळद लावतात, एवढे सांगून भागणार नव्हते. पेटंट कार्यालय छापील पुरावा मागते. परिषदेने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह सुरू झाला तो याच धड्यातून. आजीच्या बटव्यातले ज्ञान कितीही जुने असो, कागदावर आल्याशिवाय ते परदेशी परीक्षकाला दिसत नाही.

आणि जे कागदावर आले ते आपल्याविरुद्धही जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे फार गांभीर्याने घ्यावे. शोधनिबंध आधी प्रसिद्ध झाला, प्रकल्प स्पर्धेत मांडला किंवा कृषी प्रदर्शनात अवजार चालवून दाखवले, तर संशोधकाची स्वतःची कृतीच त्याच्या अर्जाच्या आड येणारे पूर्वज्ञान ठरू शकते. आपल्या कायद्यात काही मोजक्या प्रसंगांसाठी बारा महिन्यांची सवलत आहे. सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन हा त्यांतला एक. पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये; अनेक देशांत इतकीही सवलत नाही. त्याऐवजी तात्पुरत्या विनिर्देशाचा मार्ग आहे. कल्पना पुरेशी आकाराला आली की तिचे वर्णन देऊन अर्ज करायचा आणि तारीख पक्की करायची. पूर्ण विनिर्देश त्यानंतर बारा महिन्यांत द्यायचे. व्यक्तीला, नवउद्योगाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. बारा महिने चुकले की तो अर्ज सोडून दिला असे मानले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

कल्पकतेची पायरी ही त्याहून अवघड कसोटी. वस्तू नवी आहे, पण त्या कामातल्या कुठल्याही जाणकार माणसाला ती सहज सुचली असती, तर पेटंट नाही. या शब्दाचा भारतातला आधारभूत निकाल मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातून आला. पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर फिरवून घासतात. जुन्या पद्धतीत फिरते भांडे निसटून उडायचे आणि कारागिराला इजा व्हायची. एका कारखान्याने भांडे पक्के दाबून धरणारी रचना केली आणि १९५१ साली तिचे पेटंट घेतले. काम सुरक्षित झाले, वेग वाढला, झिलई चांगली येऊ लागली. दुसऱ्या कारखान्याने तीच रचना वापरली आणि वाद न्यायालयात गेला. डिसेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंटच अवैध ठरवले. टोकदार दाबदांड्याने काम धरून ठेवण्याची युक्ती लेथवर काम करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. ठाऊक असलेली गोष्ट नेहमीच्या कामाला जोडणे ही कारखान्यातली सुधारणा आहे, शोध नव्हे, असा त्या निकालाचा आशय. उपयोगी असणे आणि शोध असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपली सुधारणा धंद्याला फायद्याची असली तरी ती पेटंटच्या कसोटीला उतरेलच असे नाही, हे अर्जावर खर्च करण्याआधी समजलेले बरे.

तीनही कसोट्यांना उतरूनही काही गोष्टी कायद्याने बाहेर ठेवल्या आहेत. त्यांची यादी कलम ३मध्ये आहे. शेतीची पद्धत, निव्वळ संगणक प्रणाली, गणिती सूत्र, पारंपरिक ज्ञान या गोष्टींना पेटंट नाही. शेतीच्या पद्धतीला नाही, पण शेतीच्या अवजाराला मिळू शकते, ही बाब शेतकरी संशोधकांच्या कामाची आहे. याच यादीतले कलम ३(डी) सांगते की आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप काढले, पण त्याची गुणकारिता वाढली नाही, तर पेटंट नाही. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या एका स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने अर्ज केला होता. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने तो अमान्य केला. औषधाच्या बाबतीत गुणकारिता म्हणजे रोगावर चालणारा गुण, असा अर्थ त्या निकालाने पक्का केला. एका शब्दाच्या या अर्थावर असंख्य रुग्णांच्या औषधाची किंमत ठरली आहे.

पेटंटच्या कागदपत्रांत सगळ्यात मोलाचा भाग असतो दाव्यांचा. विनिर्देशात पाने भरभरून वर्णन असते, आकृत्या असतात. पण हक्काची हद्द शेवटी दिलेले क्रमांकित दावेच ठरवतात. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा असते, तसे हे दावे. वर्णनात लिहिले पण दाव्यात घेतले नाही, ते जगाला फुकट देऊन टाकल्यासारखे होते. दावा फार रुंद ठेवला तर पूर्वज्ञानाला धडकतो आणि अर्ज फेटाळला जातो. फार अरुंद ठेवला तर शेजारचा कारखानदार एक भाग बदलून मोकळा होतो. म्हणून अर्ज कोणाकडूनही लिहून घ्या, पण दावे स्वतः बसून वाचा. आपल्या यंत्राचा जीव ज्या भागात आहे तो पहिल्या दाव्यात आला आहे की नाही, हे यंत्र बनवणाऱ्यालाच सर्वांत चांगले कळते.

अर्ज केल्यानंतरचा प्रवास तारखांचा आहे. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. साधारण अठरा महिन्यांनी अर्ज पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. २०२४च्या नियमांनंतरच्या अर्जांना या विनंतीची मुदत ३१ महिन्यांची आहे. परीक्षक आपले आक्षेप पहिल्या परीक्षण अहवालात कळवतो आणि उत्तराला सहा महिने मिळतात. हा अहवाल म्हणजे नकार नव्हे. बहुतेक अर्जांना आक्षेप येतातच आणि नीट उत्तर दिले की पुष्कळसे दूरही होतात. पेटंट मिळाल्यावर, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क भरावे लागते, नाहीतर पेटंट वीस वर्षांच्या आधीच संपते. आणि 'जागतिक पेटंट' नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. भारतातले पेटंट भारताच्या हद्दीत चालते. भारत १९९८पासून पेटंट सहकार्य करारात आहे. त्या मार्गाने एका आंतरराष्ट्रीय अर्जावर अनेक देशांसाठी तारीख राखून ठेवता येते. पण शेवटी पेटंट प्रत्येक देश स्वतःच देतो किंवा नाकारतो. 'वर्ल्ड पेटंट मिळवून देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्याला 'कुठल्या देशाचे?' एवढा प्रश्न विचारला तरी पुरे.

या सौद्यात समाजाची बाजू राखणारे शब्दही आहेत. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो. रुग्णांच्या संघटना हा हक्क वापरत आल्या आहेत. मंजुरी प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभर हितसंबंध असलेल्याला विरोध करता येतो. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर लोकांची गरज भागत नसेल, किंमत आवाक्याबाहेर असेल किंवा भारतात त्यावर उत्पादनच होत नसेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून या कायद्यातला असा पहिला परवाना दिला गेला. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचे बायर कंपनीचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते. नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांना विकण्याची परवानगी मिळाली. पेटंटधारकाला विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी ठरली, ती अपिलात सात टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये हा परवाना कायम ठेवला. पेटंटधारकाचा हक्क मोडला गेला, असे याचे वर्णन काही जण करतात. मला ते पटत नाही. सौद्याच्या अटी पहिल्यापासून कायद्यात लिहिलेल्या होत्या. त्या दिवशी त्या पाळल्या गेल्या.

आता ट्रेडमार्क. इथला सौदा वेगळा आहे. इथे कोणी नवे ज्ञान देत नाही. हा माल अमुक एकाकडूनच आला आहे, अशी खूण व्यापारी ग्राहकाला देतो आणि त्या खुणेची नक्कल होऊ न देण्याचा हक्क कायदा व्यापाऱ्याला देतो. म्हणून नोंदणी दहा वर्षांची असली तरी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून ती कितीही काळ टिकवता येते. ग्राहकाचा विश्वास टिकतो तोवर खूणही टिकावी, असा त्यामागचा विचार. खूण शब्दाची असते, चित्राची असते, अक्षरांची, रंगसंगतीची, आकाराची, अगदी ध्वनीचीही असते. सध्याचा कायदा १९९९चा, १५ सप्टेंबर २००३पासून लागू झालेला. ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत, ॲण्टॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे.

या कायद्यातला मध्यवर्ती शब्द आहे 'फसवे साम्य'. तो समजण्यासाठी पार्ले ग्लुको बिस्किटांच्या पुड्याचा खटला पाहू. पार्लेच्या वेष्टनावर फिकट पिवळसर रंगावर शेतावरचे घर, झाडे, आजूबाजूला गाई आणि कोंबड्या, मध्ये पाण्याची बादली घेतलेली मुलगी. म्हैसूरकडच्या एका उत्पादकाच्या वेष्टनावर तसाच रंग, तसेच शेत, तशाच गाई-कोंबड्या आणि मध्ये डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी. खालच्या न्यायालयांनी बारकाईने फरक टिपले आणि दावा फेटाळला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधत बसणे ही पद्धतच चुकीची आहे, असे न्यायालयाने सांगितले. ग्राहकाने एक पुडा आज पाहिला आणि काही दिवसांनी दुसरा त्याच्यासमोर आला, तर तो फसेल का, एवढेच पाहायचे. सामान्य ग्राहकाला शेरलॉक होम्सची नजर नसते, हेही न्यायालयाने त्या निकालात नमूद केले. हा विचार 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांवरच्या आधीच्या निकालातही दिसतो: सर्वसाधारण बुद्धीचा आणि पुसट आठवणीचा ग्राहक ही कसोटी. औषधांच्या बाबतीत ती आणखी कडक आहे, कारण तिथे नावाचा घोटाळा जिवावर बेतू शकतो. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियावरच्या औषधांच्या वादात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले.

दुसरा महत्त्वाचा शब्द 'वेगळेपण'. मालाचे नुसते वर्णन करणारे नाव सहसा नोंदवता येत नाही. 'चविष्ट मसाले', 'शुद्ध तूप', 'ताजे दूध' हे शब्द प्रत्येक विक्रेत्याला लागतात, ते एकाच्या ताब्यात कसे देणार? आपल्याकडे नाव निवडताना वर्णनाकडे ओढा असतो, कारण नावातूनच गुण कळावा असे वाटते. कायद्याच्या दृष्टीने उलटे आहे. मालाशी संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सर्वांत भक्कम. गुण सुचवणारा पण सरळ न सांगणारा शब्द चालतो. गुण सरळ सांगणारा शब्द कच्चा. आणि भक्कम नावालाही राखावे लागते. एके काळी आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणत आणि आजही दुकानांच्या पाट्यांवर 'झेरॉक्स' लिहिलेले असते. व्यापारचिन्ह मालाच्या जातीचेच नाव होऊन बसले तर ते गमावण्याची वेळ येते. बायर कंपनीने अमेरिकेत 'ॲस्पिरिन' हे नाव असेच गमावले.

वर्ग, शोध, जर्नल, विरोध हे चार शब्द ट्रेडमार्कच्या वाटेवरचे टप्पे आहेत. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. ३४ मालाचे, ११ सेवांचे. मसाल्यासाठी घेतलेली नोंदणी खानावळीला आपोआप लागू होत नाही. नाव पक्के करण्याआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा, तो मोफत आहे. शोध घेताना उच्चारसाम्यही पाहावे, कारण देवनागरीत वेगळे दिसणारे नाव रोमन लिपीत किंवा कानाला सारखे असू शकते. व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. अर्ज स्वीकारला की तो जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध करता येतो. नावापुढे 'टीएम' ही अक्षरे कोणीही लावू शकतो; वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा. आधीच लावला तर तो कायद्याचा भंग होतो.

नोंदणी नसली म्हणजे काहीच हक्क नाही, असेही नाही. वर्षानुवर्षे एखादे नाव वापरून ज्याने बाजारात पत कमावली, तो नोंदणीशिवायही नक्कल करणाऱ्याविरुद्ध 'पासिंग ऑफ'चा दावा लावू शकतो. पण मग पत, फसवणूक आणि नुकसान हे सगळे पुराव्याने सिद्ध करावे लागते. म्हणून जुनी बिले, जाहिराती, पहिल्या वर्षाची वेष्टने टाकून देऊ नयेत. उलट, नोंदणी करून पाच वर्षे आणि वर तीन महिने नाव वापरलेच नाही, तर ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करता येते. नाव अडवून ठेवणाऱ्याला कायदा थारा देत नाही.

या दोन हक्कांच्या शेजारी एक तिसरा उभा आहे आणि महाराष्ट्राला त्याची विशेष गरज आहे: भौगोलिक मानांकन. ते एका माणसाचे नसते. त्या प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचे असते, म्हणून ते विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. पैठणी, कोकणातला हापूस, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, गोव्याची फेणी यांना ते मिळाले आहे. कोल्हापुरी चपलेचे मानांकन २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून दिले गेले. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आपल्या म्हणून मांडल्या तेव्हा सगळीकडे संताप उसळला. संताप योग्यच होता. पण भारतातले मानांकन इटलीत आपोआप चालत नाही आणि मानांकन मिळाल्यावर प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करायची असते. मानांकन मिळाल्याची बातमी येते, सत्कार होतात आणि ही नोंद राहून जाते. हक्काचा कागद कारागिराच्या घरात पोहोचला नाही तर मानांकनाची पाटी कामाची नाही.

या पुस्तिकेतल्या परिभाषेबद्दल थोडेसे. कार्यालयात, बाजारात आणि न्यायालयात जो शब्द चालतो तोच इथे घेतला आहे. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन हे शब्द तसेच ठेवले आहेत. दावा, पूर्वज्ञान, विनिर्देश, नूतनीकरण यांसारखे रुळलेले मराठी शब्द जिथे अर्थ नेमका पोहोचवतात तिथे ते वापरले आहेत. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी सापडतील: शब्दाचा अर्थ, त्याला जोडलेली मुदत आणि त्यातून निघणारे काम. शुल्क आणि नियम सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी ते अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत.

वाचकांना शेवटी एक विनंती. तुमच्याकडे नवे यंत्र असेल तर ते कोणाला दाखवण्याआधी 'पूर्वज्ञान' आणि 'तात्पुरते विनिर्देश' या दोन नोंदी वाचा. नवे नाव सुचले असेल तर वेष्टनाची ऑर्डर देण्याआधी 'वेगळेपण' आणि 'शोध' या दोन वाचा. कारागीर असाल तर 'अधिकृत वापरकर्ता' ही नोंद वाचा आणि आपल्या गावातल्या आणखी दहा जणांना वाचून दाखवा. हे हक्क मोठ्या कंपन्यांसाठीच असतात, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. कायद्यात असे कुठेही लिहिलेले नाही.